डेक्कन कॉलेज आणि आपला तालुका

कोरेगावाहून पुण्यास जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना नगर रस्त्याचा प्रत्येक थांबा तोंडपाठ असतो. भीमेचा पूल, पेरणे फाटा, लोणीकंद, वाघोली, खराडी आणि मग येरवडा. येरवड्यास मुळामुठेचा पूल ओलांडण्यापूर्वी उजव्या हाताला, मुख्य रस्त्यापासून थोडे आत, जुन्या झाडांच्या गर्दीत काळ्या दगडाची एक भव्य गॉथिक पद्धतीची इमारत उभी आहे. तिचे नाव डेक्कन कॉलेज. आमच्या शाळेतून दरसाल कितीतरी मुले उच्च शिक्षणासाठी याच रस्त्याने पुण्यास जातात. परंतु ही इमारत आतून पाहिलेला विद्यार्थी आम्हांस क्वचितच भेटतो. 'तेथे काय शिकवितात?' असे एका पालकांनी परवा आम्हांस विचारले, आणि आम्ही उत्तर देऊ लागलो तेव्हा ते उत्तर दोन वाक्यांत मावणारे नाही हे आमच्याच ध्यानी आले. म्हणून हा लेख.

प्रारंभ आमच्याच गावापासून करावा लागेल. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेची व इंग्रजांच्या कंपनीच्या एका लहान पलटणीची जी लढाई झाली, ती येथील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. त्या वर्षी पेशवाई बुडाली. पुढे १८२१ साली नदीपलीकडे पेरण्याच्या हद्दीत विजयस्तंभाचा पाया घालण्यात आला. त्या स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांत महार शिपायांची नावे पुष्कळ आहेत. त्याच १८२१ साली, ६ ऑक्टोबर रोजी, पुण्यास विश्रामबागवाड्यात, म्हणजे पदच्युत बाजीरावाच्याच वाड्यात, नव्या सरकारने एक संस्कृत पाठशाळा उघडली. इंग्रजी कागदपत्रांत तिला हिंदू कॉलेज असे म्हटले आहे. आजच्या डेक्कन कॉलेजचे मूळ ते हेच. या लढाईविषयी जे वाद मोठ्या माणसांत चालतात त्यांत शिरणे हे शाळेच्या वार्षिकाचे काम नव्हे. आम्ही केवळ दोन पाये शेजारी मांडून दाखवितो. एकाच सरकारने एकाच वर्षी घातलेल्या या दोन पायांपैकी एकावर ज्यांची नावे कोरली गेली, त्यांच्या मुलांस दुसऱ्याच्या आत पाऊल ठेवण्याची सोय नव्हती. कारण त्या पाठशाळेत प्रवेश फक्त ब्राह्मण विद्यार्थ्यांस होता.

असे का झाले, याचे कारण पैशाच्या उगमात आहे. पेशव्यांच्या काळी श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटण्याची चाल होती. मूळची ती तळेगावच्या दाभाड्यांची. पुढे ती पेशव्यांनी उचलली आणि तिच्यावर लक्षावधी रुपये खर्च होऊ लागले. राज्य बदलले तेव्हा हा खर्च एकदम बंद केल्यास पुण्यातील वजनदार वर्ग बिथरेल, हे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी ओळखले. त्यांनी त्या दक्षिणेचा काही भाग विद्येकडे वळविला आणि न्याय, व्याकरण, ज्योतिष, वैद्यक, धर्मशास्त्र, वेदान्त असे परंपरागत विषय शिकविणारी पाठशाळा काढली. युक्ती शहाणपणाची होती, यात शंका नाही. परंतु दक्षिणेचा पैसा आला कोठून? तो आला सरकारी तिजोरीतून, आणि तिजोरी भरत होती ती जमीनमहसुलाने. म्हणजे शिरूर, दौंड, जुन्नर, इंदापूरच्या कुणब्याच्या घामाने. ज्याच्या शेतसाऱ्यावर पाठशाळा चालली त्याचा मुलगा पाठशाळेबाहेर उभा, अशी ही स्थिती होती.

हा हिशोब जोतीराव फुले यांनी निर्भीडपणे मांडला. जोतीराव स्वतः पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत १८४१ ते १८४७ या काळात शिकले. मिशनच्या शाळांचा मुख्य हेतु धर्मप्रसार होता, हे आम्ही मिशनच्याच शाळेतून लिहीत असताना झाकून ठेवणार नाही. परंतु त्या शाळांच्या बाकावर कोणीही बसू शकत असे, हेही तितकेच खरे आहे, आणि माळ्याच्या मुलास विश्रामबागवाड्याचे दार बंद असताना ते बाक उपयोगी पडले. १८४९ च्या सुमारास दक्षिणेच्या रकमेतून मराठी ग्रंथांना बक्षिसे द्यावीत असा अर्ज काही सुधारकांनी सरकारकडे केला, तेव्हा पुण्यात मोठी खळबळ उडाली. जोतीराव अर्जदारांच्या बाजूने उभे राहिले. बक्षिसे पुढे सुरू झाली. तथापि जोतीरावांनी १८५५ साली लिहिलेले 'तृतीय रत्न' हे नाटक त्याच बक्षीस कमिटीने नाकारले. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी मात्र मुलींच्या व अतिशूद्रांच्या शाळा काढल्याबद्दल सरकारने याच जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार केला, आणि तो समारंभ झाला विश्रामबागवाड्यात! ज्या वाड्यातील पाठशाळेत त्यांना विद्यार्थी म्हणून जागा मिळाली नसती, तेथेच त्यांच्या खांद्यावर शाल पडली. पुढे १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन करताना त्यांनी स्पष्ट सांगितले की सरकारचा महसूल रयतेकडून येतो आणि त्याचा शिक्षणावरील खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो. कॉलेजे नकोत असे त्यांचे म्हणणे नव्हते. परंतु कॉलेज हे रयतेचे देणेकरी आहे, असा त्याचा सरळ अर्थ होतो, आणि आमच्या मते डेक्कन कॉलेजचा सारा इतिहास याच दृष्टीने वाचावयास हवा. ते देणे फिटले काय, आणि फिटले तर कोणत्या रीतीने?

प्रथम जे फिटले ते सांगू. १८३७ च्या फेरबदलांत काही जुने विषय गेले व देशभाषेचे अध्ययन आले. १८५१ साली पाठशाळा इंग्रजी शाळेशी एकत्र होऊन पूना कॉलेज झाले, तोवर जातीची अट कागदावर तरी उरली नव्हती. या काळात संस्थेची सूत्रे मेजर थॉमस कँडी यांच्या हाती होती. आपण निबंधात जो स्वल्पविराम विसरतो आणि ज्याबद्दल गुण गमावतो, तो मराठीत रुळविण्याचे श्रेय याच गृहस्थांस देतात! मोल्सवर्थ यांच्या मराठी कोशाच्या कामातही त्यांचा हात होता. कृष्णशास्त्री चिपळूणकर हे याच पाठशाळेचे विद्यार्थी. पुढे संस्था काही काळ वानवडीस होती. १८६४ साली तिला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले, आणि २३ मार्च १८६८ रोजी ती येरवड्याच्या नव्या इमारतीत आली. या इमारतीचा निम्मा खर्च सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून झाला. एका पारशी गृहस्थाचे दान या दगडांत आहे, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. ती योग्य स्थळी येईलच.

येरवड्याच्या पहिल्या पन्नास वर्षांत तेथे कोण शिकले व कोणी शिकविले याची यादी द्यावयाची तर अंकाची पाने पुरणार नाहीत. कीलहॉर्न आणि त्यांच्यामागून १८८२ ते १८९३ पर्यंत रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी तेथे संस्कृत शिकविले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर, इतिहासाचार्य राजवाडे हे तेथील विद्यार्थी. टिळकांनी कॉलेजातील पहिले वर्ष अभ्यासापेक्षा तालमीस दिले आणि प्रकृति कमावली, ही कथा आमचे विद्यार्थी सोयीस्करपणे लक्षात ठेवतात. त्याच टिळकांनी पुढे गणितात काय केले ते मात्र विसरतात. त्यांची वसतिगृहातील खोली आजही जतन करून ठेविली आहे. परंतु आमच्या मनात अधिक भरतात ते आगरकर. टेंभूसारख्या लहान गावातून, घरी अठराविश्वे दारिद्र्य असता, शिष्यवृत्त्या, लेखनाची बक्षिसे आणि अर्धपोटी दिवस यांवर त्यांनी एम. ए. पर्यंत मजल मारली. या दोघा मित्रांनी कॉलेजच्या आवारात रात्री-रात्री बसून देशाला शिक्षण कसे द्यावे याचा खल केला. त्या चर्चेचे फळ म्हणजे जानेवारी १८८० मध्ये चिपळूणकरांसह उघडलेली न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि २ जानेवारी १८८५ रोजी सुरू झालेले फर्ग्युसन कॉलेज. सरकारी कॉलेजात शिकून सरकारी चाकरी न धरणारे हे पदवीधर सरकारास कितपत रुचले असतील, ते वाचकांनीच ठरवावे.

यानंतरचा प्रसंग आम्हांस फार उद्बोधक वाटतो. पुण्यात फर्ग्युसन आणि इतर खासगी कॉलेजे नांदू लागली. सरकारी तिजोरीत खडखडाट झाला. आणि १९३४ साली सरकारने डेक्कन कॉलेज बंद केले. पुण्यास इतकी कॉलेजे असता या एकाची गरज काय, असा तो व्यापारी हिशोब होता. ज्या विद्यार्थ्यांनी बाहेर जाऊन नवी कॉलेजे काढली, त्यांचेच यश जणू त्यांच्या मातृसंस्थेच्या मुळावर आले. परंतु माजी विद्यार्थी स्वस्थ बसले नाहीत. जमशेटजींच्या देणगीने सरकार या संस्थेचे विश्वस्त झाले आहे, मालक नव्हे, ही भूमिका घेऊन ते न्यायालयात गेले. अखेर संस्था पुन्हा उघडणे सरकारास भाग पडले, आणि १७ ऑगस्ट १९३९ रोजी डेक्कन कॉलेज पदव्युत्तर शिक्षण व संशोधन यांचे केंद्र म्हणून नव्या रूपाने सुरू झाले. आपली शाळा वा कॉलेज सोडून गेल्यावर पाच वर्षांनी तिच्यासाठी कचेरीचे उंबरे झिजविणारे माजी विद्यार्थी किती संस्थांस लाभतात? आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींच्या हाती हा अंक जातो, म्हणून हा प्रश्न मुद्दाम येथे विचारून ठेवितो.

बंद पडून उघडलेले कॉलेज पूर्वीचे राहिले नाही, आणि आमच्या मते हे फार बरे झाले. पूर्वी तेथे परीक्षा उतरविणारे पदवीधर तयार होत. आता तेथे या देशाचाच शोध सुरू झाला. १९३९ साली जी मंडळी तेथे आली त्यांत हसमुख धीरजलाल सांकळिया हे पुरातत्त्वाचे आणि इरावती कर्वे या समाजशास्त्राच्या अभ्यासक होत्या. विश्रामबागवाड्याच्या पाठशाळेत स्त्रीस स्थान असण्याची कल्पनाही कोणी केली नसती. आता तिच्याच वारस संस्थेत एक बाई पुरुष सहकाऱ्यांच्या बरोबरीने महाराष्ट्रभर हिंडून निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांची मापे घेत होत्या, त्यांची नातीगोती टिपीत होत्या. साताऱ्याचे ऐतिहासिक संग्रहालय त्याच वर्षी येथे आले, आणि मराठ्यांच्या इतिहासाचे काम त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी चालविले. रयतेच्या देण्याची फेड खऱ्या अर्थाने येथून सुरू झाली असे आम्ही म्हणतो. कारण आजवर ग्रंथात रमलेली ही संस्था आता पायी चालत खेड्यात आली.

आणि ती आली ती आपल्याच तालुक्यात. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. हीच घोड पुढे आपल्या भीमेस मिळते. तेथील पांढरीच्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून १९८३ पर्यंत हंगामामागून हंगाम उत्खनन केले. सांकळिया, ढवळीकर, अन्सारी यांच्या देखरेखीखाली चाललेल्या या कामातून जे बाहेर आले, ते आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याने जाणून घेतले पाहिजे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊशे वर्षांत तेथे शेतकऱ्यांचे एक गाव नांदत होते. लोखंड माहीत नव्हते. तांबे थोडे, दगडाची हत्यारे पुष्कळ. शंभरांहून अधिक घरांच्या जमिनी उघड्या झाल्या. एक पाच खोल्यांचे घर निघाले आणि त्यास लागून धान्याचे कोठार. ते गावच्या प्रमुखाचे घर असावे असा अभ्यासकांचा तर्क आहे. मुख्य पीक जव. नदीचे पाणी वळविण्यासाठी खणलेला पाट आणि दगडमातीचा बांधही सापडला. ज्या तालुक्यात आज चासकमानच्या कालव्याचे पाणी केव्हा सुटेल याची वाट पाहिली जाते, तेथे तीन हजार वर्षांपूर्वीही कोणी तरी पाट खणीत होते!

तान्ही मुले दगावली तर त्यांस दोन रांजणांत, तोंडास तोंड लावून, घराच्याच जमिनीखाली पुरीत. त्या माउलीस मूल घराबाहेर टाकवत नव्हते, असा अर्थ आमचे मन लावते. शास्त्रज्ञ असे काही म्हणणार नाहीत, आणि त्यांनी म्हणूही नये. पुढे इसवी सनापूर्वी सुमारे १००० नंतर मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या दिसू लागतात, आणि शेवटी गाव उठते. पाऊस कमी होत गेला व शेती मोडली, हे त्याचे कारण उत्खनन करणाऱ्यांनी दिले आहे. शिरूरच्या शेतकऱ्यास हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

राजांची चरित्रे आम्ही शाळेत शिकवितो, आणि शिकविलीच पाहिजेत. परंतु ज्याचे नाव कोणत्याही स्तंभावर नाही, कोणत्याही बखरीत नाही, अशा साध्या कुणब्याचा इतिहास मातीतून वाचून काढणारी विद्या आपल्या दारातून जाणाऱ्या रस्त्यावर शिकविली जाते. इनामगावचा सविस्तर अहवाल १९८८ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. तो विद्वानांसाठी आहे. आमच्या नववीच्या विद्यार्थ्यांच्या तो कामाचा नाही. ढवळीकरांनी मराठीत 'महाराष्ट्राची कुळकथा' लिहून ही उणीव पुष्कळ भरून काढली, याबद्दल त्यांचे उपकार मानले पाहिजेत. तथापि तालुक्यातील प्रत्येक शाळेच्या भिंतीवर इनामगावचा एक नकाशा असावा आणि तो कॉलेजने पुरवावा, ही मागणी आम्ही केली तर ती अवाजवी ठरू नये.

दुसरी फेड भाषेची. डेक्कन कॉलेज हे भाषाशास्त्राचे या देशातील एक जुने केंद्र आहे. अलीकडच्या काळात राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने तेथील अभ्यासकांनी जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन, गावच्या बायाबापड्यांजवळ बसून, त्या बोलतात तशी बोली ध्वनिमुद्रित केली. हे वाचून आम्हांस थोडे ओशाळल्यासारखे झाले, हे कबूल करतो. मुलाने वहीत 'व्हतं' लिहिले, 'न्हाई' लिहिले, 'म्या' लिहिले की आम्ही लाल शाईने तो शब्द खोडतो. इतकेच नव्हे, तर कधी कधी वर्गात हसूही होऊ देतो. प्रमाणभाषा शिकविणे आमचे कर्तव्य आहे आणि ते आम्ही सोडणार नाही. परंतु जो शब्द आम्ही हसून खोडला तोच टिपून घेण्यासाठी पुण्याचे विद्वान त्या मुलाच्या आजीकडे येतात, तेव्हा चूक मुलाच्या जिभेत नसून आमच्या हसण्यात होती, हे उघड आहे.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येऊ. 'तेथे काय शिकवितात' या प्रश्नामागे 'तेथे शिकून नोकरी लागते काय' हा प्रश्न असतो, हे आम्हांस कळते, आणि तो विचारण्यात कमीपणाही नाही. कर्ज काढून मुलास शिकविणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे. डेक्कन कॉलेज १९९० पासून अभिमत विद्यापीठ आहे. पुरातत्त्व, भाषाशास्त्र आणि संस्कृत व कोशशास्त्र हे तेथील मुख्य विषय. आधी पदवी दुसरीकडे घ्यावी लागते आणि मगच तेथे प्रवेश. या विषयांत जागा थोड्या, आणि संगणक वा औषधनिर्माण शिकलेल्यास जितक्या लवकर पगार सुरू होतो तितक्या लवकर येथे होत नाही, हे स्पष्ट सांगणे आमचे काम आहे. पण पुरातत्त्व म्हणजे केवळ इतिहास घोकणे, ही समजूत मात्र चुकीची आहे. जळलेला दाणा जवाचा की गव्हाचा हे वनस्पतिशास्त्र सांगते. हाडे माणसाची की गुराची हे शरीरशास्त्र सांगते. गाव का उठले हे भूगर्भाच्या व हवामानाच्या अभ्यासावाचून कळत नाही. विज्ञानात गति असलेल्या मुलासही तेथे काम आहे. 'आर्ट्सला कोण जातो' असे म्हणून हुशार मुलाची ओढ मोडणारे पालक आम्ही पाहिले आहेत, आणि ती मुले पुढे नावडत्या विषयात वर्षामागून वर्ष काढताना पाहणेही आमच्याच वाट्यास आले आहे.

धीर मात्र हवा. तेथे १९४८ साली संस्कृतचा एक महाकोश हाती घेण्यात आला. वेदांपासून पुढे सुमारे पंधराशे ग्रंथ चाळून, शब्द कोठे, कोणत्या अर्थाने, केव्हा आला याच्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. पहिला भाग छापून बाहेर पडला तो १९७६ साली. पस्तीस भाग निघाले तेव्हाही 'अ' हे अक्षर संपले नव्हते! चिठ्ठ्या लिहिणाऱ्या पहिल्या पिढीस ठाऊक होते की ग्रंथ पुरा झालेला पाहणे आपल्या नशिबी नाही. तरी त्यांनी अक्षर वळणदार काढले.

शेवटी आमच्याच शाळेविषयी. गेली काही वर्षे आमची वार्षिक सहल पाण्याच्या घसरगुंड्या असलेल्या उद्यानांत जात आहे. मुलांस ती आवडते, आणि आमची तिच्याशी शत्रुता नाही. परंतु येत्या वर्षी एक दिवस येरवड्यास, कॉलेजचे पुरातत्त्वाचे व मराठ्यांच्या इतिहासाचे संग्रहालय पाहण्यासाठी, आणि एक दिवस इनामगावास काढावा अशी सूचना आम्ही मुख्याध्यापकांकडे लेखी दिली आहे. आठवी व नववीच्या वर्गांनी आपली मते वर्गशिक्षकांकडे द्यावीत. पालकांनीही द्यावीत.

आणि तोवर एक काम. भीमा व घोड यांच्या काठची जमीन नांगरताना कधी कधी लाल, पातळ, भाजून कडक झालेले खापर वर येते. त्यावर काळ्या रंगाच्या रेघा असतात आणि टिचकी मारली तर खणखणीत आवाज निघतो. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी अशी भांडी प्रथम ओळखली गेली म्हणून त्यांस जोर्वे भांडी म्हणतात. असे खापर दिसल्यास ते घासून धुऊ नये, घरी शोभेस नेऊ नये आणि आणखी मिळतील म्हणून खणूही नये. शेताचा गट क्रमांक, बांधापासूनचे अंतर आणि तारीख वहीत लिहून आणावी. इतिहासाच्या शिक्षकांकडे त्यासाठी एक स्वतंत्र वही ठेवली आहे. तिचे पहिले पान अद्याप कोरे आहे.